टिटवीचा ठोका

न्यूट्रलला गप्प असते.
गिअर टाकला की सुरू:
ठक, ठक,
मग जरा दम खाऊन, ठक.
ओळखीचं कुणी अपरात्री येऊन
कडी सोडून फळीच वाजवतंय.

मोईन मिस्त्री ढोरकीनहून आला,
मोटारसायकलला पान्यांची पिशवी लटकवून.
आयुष्य गेलं ट्रॅक्टर आणि पाणबुडी मोटारींत,
होडीच्या पोटात पहिल्यांदाच उतरत होता.
चपला काठावरच काढून आला.
"शिडाच्या होडीला इंजिन कशापायी, म्याडम?"
म्हणलं, दुपारी वारा पडतो हो इथं.
पैठणचा वारा सरकारी आहे, जेवायला जातो.
तो हसला नाही.
त्याचं ऐकणं सुरू झालं होतं.

लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
मग मागं सरकत, शाफ्टच्या कडेकडेनं,
ग्लँडपाशी, तिथून आणखी मागं,
जिथं माणूस मावत नाही तिथं तो मावला.
"हितं नाही. हितं थोडं.
हितं वाजायलंय, पण हितलं नाही हे.
दुसरीकडून आलंय."

सोपान पंख्याखाली बुडी मारून आला:
शेवाळ, चिलापीच्या जाळ्याचा तुकडा,
पाती तिन्ही शाबूत.
मागचं रबरी बेअरिंग नखाएवढं ढिलं.
"एवढं तर माझ्या गुडघ्यात बी हाय."
शाफ्ट हातानं फिरवत त्यानं खडू टेकवला,
रेघ गोल उठली, कुठं तुटली नाही.
वाकलेला नाही. मग?

मग कपलिंगचे बोल्ट सोडले.
दोन चकत्या समोरासमोर,
फटीत गेजची पात सरकवली.
वर चार. खाली अकरा.
शाफ्ट अर्धा फिरवून पुन्हा.
वर चार. खाली अकरा.
टॉर्च माझ्या हातात होता, तो हलला असणार,
कारण त्यानं मान वर केली.

"ही कुठं बसली होती का?
म्हंजे, जमिनीवर?"

एकवीस वर्षं मी या धरणाची पातळी लिहिली,
रोज सकाळी आठला, निळ्या शाईनं;
मृतसाठ्याच्या खालचे आकडे तेवढे लाल.
त्या लाल उन्हाळ्यात टिटवी
भेगाळल्या गाळात बसली होती,
पाण्याखालून वर आलेल्या कुणाच्या तरी जोत्यावर
एक कूस टेकून, एकशे सात दिवस.
रजिस्टरात होडीसाठी रकाना नव्हता.
मीच चार विटा सरकवल्या होत्या खाली
आणि वाटलं होतं, पुरे.

मी एवढंच म्हणलं, "बसली होती."

त्यानं पुढं काही विचारलं नाही.
पाना फडक्याला पुसला.
"ती काय सरळ व्हायची नाही आता.
इंजिनालाच वाकडं बसवू."

पुढच्या दोन्ही पायांचे नट.
अर्धा आटा खाली, मोज.
पाव आटा, मोज.
मध्येच भाकरी, मिरचीचा खर्डा,
हात डिझेलचे, तसेच.
ऊन शिडाच्या काठीवरून उतरून
पाण्यात पडलं तरी तो आत होता.
शेवटी वर तीन, खाली चार.
"हे एक राहू द्या," म्हणाला,
"पुढच्या टायमाला कामाला येईल."

गिअर टाकला.
नुसती घरघर.
जोतं कुठं असेल याचा अंदाज मला आहे,
आज तिथं चाळीस फूट पाणी.
वरून जाताना मी उगाच कान दिला.

ग्लँडमधून थेंब गळत होता.
मी पान्याला हात घातला तसा तो ओरडलाच:
"आवळू नका! आमच्या पंपाचं बी असंच असतंय.
कोरडं पडलं की जळतं."

घरी परतायच्या आधी, सवयीनं,
घड्याळ लावून मोजले:
मिनिटाला सात.
तारीख घातली. निळी शाई.